थकलेले पैसे आणि मशीनमधलं तारखेचं कुलूप

प्रश्न असा आहे. भोसरीत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी खास तयार केलेली मशीनं, बनवणारा छोटा कारखाना. चाकणच्या एका कंपनीला ३२ लाखांचं लीक टेस्टिंग मशीन दिलं. त्यातले वीस टक्के, म्हणजे ६ लाख ४० हजार, 'कमिशनिंगनंतर' (मशीन ग्राहकाकडे बसवून चालू करून दिल्यावर) या शब्दात अडकलेत. मशीन चार महिने तीन शिफ्टमध्ये चालतंय, पण साइन-ऑफ, म्हणजे मशीन स्वीकारल्याची सही, काही मिळत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने सुचवलं म्हणून डिस्पॅचच्या आधीच पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, एक तारीख टाकून ठेवली आहे. महिनाअखेरीला मशीन ऑटोमध्ये चालायचं थांबेल आणि स्क्रीनवर प्रेशर सेन्सरचा फॉल्ट दिसेल. हे कायद्यात बसतं का, आणि पुढच्या प्रत्येक मशीनमध्ये असंच ठेवलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि महिनाअखेरीची वाट न बघता ते काढा. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, कारण मुदतीचा परवाना ही गोष्ट मुळात बेकायदा नाही. लपवलेला परवाना ही भानगड आहे.

मी वकील नाही. चोवीस वर्षं कंट्रोल्समध्ये काढली, सुरुवात पॅनेल वायरिंगपासून केली. अलीकडे अशा भांडणांत वकिलांना मशीनची बाजू समजावून द्यायला बसतो, त्यामुळे चार-सहा कलमं कानावर पडून पाठ झालीत. आणि असं कुलूप मी स्वतः टाकलेलं आहे, तेव्हा उपदेश करायचा अधिकार तेवढ्यापुरताच समजा.

ती हकीकत आधी सांगतो. २०१६ साली एका ग्राहकाचं प्रेस-फिटिंगचं मशीन केलं होतं. पैशांची धास्ती होती, म्हणून तारीख टाकली. वर शहाणपणा असा, की कुणी घड्याळ मागे करून पळवाट काढू नये म्हणून पीएलसीने रोजची तारीख जपून ठेवायची आणि आजची तारीख तिच्यापेक्षा जुनी दिसली की कुलूप लावायचं. अलार्मचा मजकूर ठेवला, 'सर्व्हो ड्राइव्ह कम्युनिकेशन फॉल्ट', म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटशी संपर्क तुटला. पैसे दोन महिन्यांत आले. मी कोड देऊन तारीख पुढे ढकलली, पण प्रोग्रॅममधली अट तशीच राहिली. विसरलो, दुसरं काही नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. मशीनची पॉवर दोन महिने बंद. आता, बऱ्याच छोट्या पीएलसींमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, कपॅसिटर असतो. सीमेन्स एस७-१२०० चंच बघा, वीज गेल्यावर घड्याळ साधारण २० दिवस, आणि ४० अंश तापमानात किमान १२ दिवस टिकेल असं तिची माहितीपुस्तिका सांगते. दोन महिने म्हणजे प्रश्नच नाही. कारखाना उघडला, मेनचा आयसोलेटर वर केला, घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसलेलं. जपून ठेवलेली तारीख मात्र शाबूत. कुलूप लागलं.

मेंटेनन्सच्या मुलांनी केबल बदलली, कनेक्टर बदलले. मग दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह काढून लावून बघितला, मग नवीन ड्राइव्हची ऑर्डर टाकली. नवव्या दिवशी मला फोन आला. समोरच्याने अलार्मचा नंबर वाचून दाखवला आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पूर्ण पैसे दिलेल्या, कुठलीही चूक नसलेल्या ग्राहकाची लाइन नऊ दिवस मी बंद ठेवली होती. त्या प्लांट हेडने आवाज चढवला नाही. फक्त परत कधी ऑर्डर दिली नाही.

म्हणून कायद्याच्याही आधी प्रोग्रॅमचं बोलतो. या कुलपांचं लॉजिक बहुतेक वेळा घाईत, डिस्पॅचच्या आदल्या रात्री लिहिलेलं असतं आणि त्याची चाचणी कुणी घेत नाही. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळे तपासणं. समजा १५ नोव्हेंबर २०२३ ला बंद करायचंय. लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, तीन कंपेअर (तुलना) एकापुढे एक: दिवस १५ किंवा जास्त, महिना ११ किंवा जास्त, वर्ष २०२३ किंवा जास्त. दिसायला बरोबर. प्रत्यक्षात मशीन १५ नोव्हेंबरला बंद पडतं, १ डिसेंबरला आपोआप चालू होतं, १५ डिसेंबरला परत बंद, आणि १ जानेवारीपासून पुढच्या १५ नोव्हेंबरपर्यंत बिनधास्त चालतं. तोवर पैसे मिळालेले असतात, प्रोग्रॅमर नोकरी सोडून गेलेला असतो आणि मशीनला 'थंडीत त्रास देणारं' अशी ख्याती मिळालेली असते. हसू नका, अशा मशीनच्या पॅनेलला हीटर बसवलेला मी पाहिलाय.

दुसरी गंमत टायमरची. तारीख नको म्हणून कुणी नव्वद दिवसांचा टायमर लावायला जातो. बऱ्याच पीएलसींत वेळेचा डेटा ३२ बिटांत मिलिसेकंदांनी मोजतात. तो २४ दिवस २० तास ३१ मिनिटांच्या पुढे जातच नाही. हिशेब करून आकडा कोंबला तर तो उलटून ऋण होतो आणि कुलूप नव्वदाव्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी लागतं किंवा कधीच लागत नाही.

आता खरा धोका. तुमचं मशीन लीक टेस्टिंगचं आहे. पार्ट क्लॅम्प होतो, सीलिंग प्लग आत जातात, हवा भरते, स्थिर होते, मग प्रेशर ड्रॉप मोजला जातो. कुलूप लागल्यावर सगळे आउटपुट एकदम शून्य करायचे असं लिहिलं असेल, आणि ती वेळ सायकलच्या मध्ये आली, तर काय होईल? क्लॅम्पचा व्हॉल्व्ह सिंगल सोलेनॉइड (एकाच विद्युत कॉइलवर चालणारा) असेल तर करंट गेला की स्प्रिंग तो परत आणते. क्लॅम्प सुटतो. पार्टमध्ये त्या क्षणी हवा भरलेली आहे. प्लग कुठे उडेल आणि समोर कोण उभं असेल याचा नेम नाही. उभ्या स्लाइडचं मशीन असेल तर ब्रेक, इंडक्शन हार्डनिंग (पार्ट तापवून कठीण करणं) असेल तर क्वेंचचा, म्हणजे तो थंड करणारा, पंप. प्रत्येक मशीनला अशी एक नस असते.

त्याहून वाईट म्हणजे खोटा अलार्म. स्क्रीनवर प्रेशर सेन्सरचा फॉल्ट दिसला की मेंटेनन्सचा माणूस गार्ड उघडणार. सेन्सर बदलून फरक पडला नाही की इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडल्यावर मशीन थांबवणारी सोय, बायपास करून आत डोकावणार. रात्रपाळीत हेच होतं, कितीही ट्रेनिंग द्या. खोट्या मजकुरामुळे माणूस मशीनच्या आत गेला आणि अपघात झाला, तर ६ लाख ४० हजारांचा विषय संपला, दुसराच सुरू झाला. कारखान्यात वापरायच्या वस्तूची रचना आणि बांधणी शक्य तितकी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. कारखाना अधिनियम १९४८ मध्ये ती कलम ७बी ने टाकली होती, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आलंय. 'मशीन विकलं, आता ते जाणोत' असं म्हणून सुटता येत नाही.

कायद्याकडे येतो. यात माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सगळ्यात जवळचा. 'आमचा पीएलसी आहे, संगणक कुठे?' असं पुष्कळ जण म्हणतात. त्या कायद्यातली संगणकाची व्याख्या इतकी रुंद आहे की तर्क, गणित आणि स्मृतीचं काम करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण त्यात येतं. पीएलसी दिवसभर दुसरं काय करतो? कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय कुणी संगणकात शिरलं, त्याचं काम विस्कळीत केलं, अधिकृत माणसाला वापर नाकारला, किंवा त्यात घातक सूचना टाकल्या, तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. घातक सूचनांच्या व्याख्येत संगणकाचं नेहमीचं काम बळकावणाऱ्या सूचनाही आहेत. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईचा दावा पाच कोटींपर्यंत असेल तर तो ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरपुढे जातो. आपल्या राज्यात ते काम माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव बघतात.

यातला कळीचा शब्द आहे 'परवानगीशिवाय'. तुमचा वकील म्हणेल, कोड लिहिला तेव्हा मशीन भोसरीत होतं, मालक आम्हीच होतो. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण मशीन बंद पडलं ते चाकणमध्ये, दुसऱ्याच्या मालकीचं असताना, आणि स्क्रीनवर तुम्ही लिहिलेलं खोटं झळकलं. सेन्सर खराब असल्याचा देखावा केलात म्हटल्यावर 'प्रामाणिक हेतू' सांगायला तोंड उरत नाही. आणि ज्यांनी मशीनला रिमोट राऊटर लावलाय त्यांच्यासाठी एक सूचना: सर्व्हिससाठी दिलेल्या व्हीपीएनमधून आत जाऊन मशीन बंद करणं हे या कलमाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. परवानगी दुरुस्तीची होती, कुलपाची नव्हती.

व्हॉट्सॲपवर 'उद्यापर्यंत पेमेंट टाका, नाहीतर मशीन बंद होईल' असं लिहिणारेही भेटतात. आपलेच पैसे मागणं ही खंडणी ठरेल की नाही हा पुढचा वाद. पण तो मेसेज तक्रारीला जोडला जातो आणि पोलीस ठाण्यात वाद घालायला तुम्हाला जावं लागतं, ग्राहकाच्या परचेस मॅनेजरला नाही.

मालविक्री अधिनियम १९३० तर आणखी सरळ बोलतो. कलम १४ प्रमाणे विकलेला माल खरेदीदार निर्वेधपणे उपभोगेल ही हमी न लिहिताही असते. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवायचा हक्क कायदा देतो, पण माल ताब्यात आहे तोपर्यंतच. ट्रेलरवर चढवून एलआर (ट्रान्सपोर्टची पावती) फाडली आणि कुठलाही हक्क राखून ठेवला नाही, की तो हक्क संपला. त्यानंतर रकमेसाठी दावा लावता येतो, मशीनचं नाक दाबता येत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण दाबायचं ते आपल्या गेटच्या आत.

'हार्डवेअर विकलं, सॉफ्टवेअरचा फक्त परवाना दिला' हा युक्तिवाद प्रोग्रॅमर मंडळींना फार आवडतो. त्याला आधार आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे संगणकीय प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे आणि मशीनबरोबर प्रोग्रॅमचा कॉपीराइट आपोआप जात नाही. पण परवाना मुदतीचा होता हे कागदावर दाखवावं लागेल. पीओत (परचेस ऑर्डरमध्ये) 'मशीन, पीएलसी प्रोग्रॅम आणि बॅकअपसह' असं लिहिलेलं असेल आणि मुदतीचा उल्लेखच नसेल, तर मशीन आहे तोवर प्रोग्रॅम वापरायचा, असाच अर्थ कुणीही शहाणा माणूस काढेल. शिवाय कलम ५२ कायदेशीर धारकाला बॅकअप घेण्याची आणि ज्या कामासाठी प्रोग्रॅम मिळाला त्यासाठी तो वापरण्याची मुभा देतं. कुलूप तोडण्याविरुद्ध २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षाही आहे, पण तिथे कॉपीराइट मोडण्याचा हेतू लागतो. स्वतःचं मशीन चालू करायला कुलूप काढणाऱ्यावर ते कलम लावून तुम्ही जिंकाल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

आणि ग्राहक कुलूप तोडतोच. पासवर्ड काढून देणारे बाजारात बसलेत. ही टूल्स स्वतःच रोगी असतात: पीएलसी आणि एचएमआयचे (मशीनच्या स्क्रीनचे) पासवर्ड काढणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून सॅलिटी नावाचा मालवेअर संगणकात उतरतो, हे ड्रॅगोस या औद्योगिक सायबरसुरक्षेच्या कंपनीने २०२२ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे तुमच्या कुलपापायी ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये घाण शिरणार आणि चौकशीत पहिला प्रश्न 'हे कुलूप कुणी लावलं' हाच असणार.

एक बाजू लोक विसरतात: प्रोग्रॅमचे मालक तुम्ही तरी आहात का? पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला प्रोग्रॅम मालकाचा, हे कॉपीराइट अधिनियमाचं कलम १७ सांगतं. पण आपल्याकडे पुष्कळसं प्रोग्रॅमिंग बाहेरचा मुलगा मशीनमागे ठरलेल्या पैशांवर करतो. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घेतलेलं नसेल तर कॉपीराइट त्याच्याकडे राहू शकतो. हस्तांतरण घेतलं पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या कुलपाबरोबर त्या मुलाचंही एक कुलूप आहे का, ते आजच विचारा. मी विचारायला लावलेल्या एका मशीनवाल्याच्या प्रोग्रॅममध्ये ते निघालं. मुलाचे अठरा हजार राहिले होते.

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेत सीमेन्सच्या एका कंत्राटदाराने कंपनीसाठी केलेल्या स्प्रेडशीटमध्ये ठरावीक तारखेनंतर बिघडणारा कोड लपवला होता. बिघाड झाला की दुरुस्तीला त्यालाच बोलवायचे. २०१६ मध्ये तो गावाबाहेर असताना पासवर्ड द्यावा लागला आणि उघडा पडला. २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला, सहा महिने तुरुंग. दुसरं पोलंडमधलं. नेवाग कंपनीच्या प्रवासी रेल्वेगाड्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेल्यावर सुरूच होईनात. ड्रॅगन सेक्टर या गटाच्या हॅकर्सनी त्यांचं सॉफ्टवेअर उलगडलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बर्गच्या परिषदेत जाहीर केलं की गाडी बरेच दिवस उभी राहिली, किंवा जीपीएसप्रमाणे प्रतिस्पर्धी वर्कशॉपच्या आवारात असली, की ती बंद व्हावी अशा अटी आत आहेत. नेवागने आरोप नाकारले आणि त्या हॅकर्सवरच खटला भरला. कोण खरं ते न्यायालय ठरवेल. पण 'आत कोण बघतंय' हा विचार तेव्हापासून मी सोडून दिला. कुणीतरी बघतंच.

मग मुदतीचा परवाना द्यायचाच नाही का? द्या, पण उजेडात. तो कोटेशनमध्येच असला पाहिजे, इनव्हॉइसच्या मागच्या बारीक अक्षरांत नव्हे. भाषा साधी ठेवा: 'पूर्ण रक्कम मिळेपर्यंत प्रोग्रॅमचा परवाना अमुक चालू तासांचा तात्पुरता राहील, मुदत संपल्यावर नवीन ऑटो सायकल सुरू होणार नाही, रक्कम मिळाल्यापासून दोन दिवसांत कायम परवाना दिला जाईल.' ग्राहकाने ती ओळ असलेली ऑर्डर स्वीकारली की 'परवानगीशिवाय' या शब्दाची हवा बरीचशी निघते. अर्थात ग्राहकाने आपल्या पीओच्या अटींत ती खोडली तर खोडली. मोठ्या कंपन्यांच्या छापील अटींत 'बंद पाडणारा कोणताही कोड नसेल' असं हमीपत्रच असतं. ती पंधरा पानं वाचा. सही करून वर कुलूप टाकलंत तर करारभंगाचा पुरावा तुम्हीच दिलात.

मशीनच्या बाजूने: पहिल्या दिवसापासून एचएमआयच्या मुख्य स्क्रीनवर 'तात्पुरता परवाना, उरलेले तास' असं ठळक दिसू द्या. घड्याळाऐवजी चालू तास मोजा आणि वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवा, म्हणजे लॉकडाऊन आला काय आणि गुरुवारचं लोडशेडिंग आलं काय, फरक पडत नाही. मुदत संपली तरी चालू सायकल पूर्ण होऊ द्या, फक्त पुढचा सायकल स्टार्ट अडवा. मॅन्युअल, होमिंग (सगळं मूळ जागी नेणं), अनक्लॅम्प, इमर्जन्सी, सेफ्टी रिले, यातल्या कशालाही हात लावायचा नाही. तीन दिवसांचा आपत्कालीन कोड बंद पाकिटात प्लांट हेडकडे द्या. रविवारी रात्री तुमचा फोन लागला नाही तर लाइन थांबायला नको. आणि पैसे आले की कोड देऊन तारीख २०४० वर ढकलू नका. अट असलेला ब्लॉकच काढा, स्वच्छ प्रोग्रॅम टाका, बॅकअप द्या, 'आता कोणतीही मुदत नाही' असं लेटरहेडवर लिहून द्या. मी २०१६ मध्ये एवढं केलं असतं तर दोन तासांचं काम होतं.

इथेच दुसऱ्यांच्या परवान्यांबद्दलही सांगून टाकतो, कारण ते कुलूप आपण नकळत टाकतो. पीसीवर चालणाऱ्या मशीनमध्ये ट्रायलचा रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, राहून गेलेला असतो. ट्विनकॅट ३ चा चाचणी परवाना सात दिवसांचा असतो आणि पुन्हा पुन्हा घेता येतो, त्यामुळे कारखान्यात ट्रायल घेताना कुणाच्या लक्षातच येत नाही. कोडेसिसचा सॉफ्ट पीएलसी आणि इग्निशनची स्काडा (मशीनवर देखरेख करणारी प्रणाली) विनापरवाना दोन तास चालतात. डिस्पॅचच्या चेकलिस्टमध्ये 'मशीन बंद करून चालू केलं, तीन तास सलग चालवलं, परवान्याची स्क्रीन पाहिली' एवढी एक ओळ घाला.

युरोपात मशीन पाठवणाऱ्यांनी आणखी एक तारीख लिहून ठेवावी. २० जानेवारी २०२७ पासून तिथे नवीन मशिनरी नियम लागू होतात, त्यांत सॉफ्टवेअरमधल्या ढवळाढवळीची नोंद राहण्याची अपेक्षा आहे. लपवलेली अट तिथे अजिबात खपणार नाही.

आता पैशांचं. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल आणि नोंदणी ऑर्डरच्या आधीची असेल, तर एमएसएमईडी अधिनियम २००६ तुमच्या हातात आहे आणि तो कुठल्याही कुलपापेक्षा जास्त चावतो. कलम १५: करारात काहीही लिहा, मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. कलम १८ खाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, अर्ज ऑनलाइन होतो. निर्णय विरोधात गेला तर ग्राहकाला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) आणलं: अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो; मशीनसारख्या भांडवली खरेदीला मात्र ते लागेलच असं नाही. मार्चमध्ये त्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, अनुभव घेऊन बघा.

पण ४५ दिवस कधीपासून? इथे बहुतेक जण मार खातात. माल पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. हरकत घेतली तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजायचं. म्हणून हुशार परचेस मॅनेजर बाराव्या दिवशी अकरा पंच पॉइंटचा (राहिलेल्या कामांचा) मेल टाकून ठेवतो. त्यातले नऊ किरकोळ असतात: स्टिकर नाही, केबलला टॅग नाही. तुम्ही ते 'पुढच्या व्हिजिटला करू' म्हणून सोडून देता आणि घड्याळ सुरूच होत नाही. प्रत्येक पॉइंट बंद करा, फोटो काढा, प्रत्येकासमोर तारीख आणि सही घ्या.

पुढच्या ऑर्डरला वीस टक्के कमिशनिंगनंतर हे मान्यच करू नका. तीस टक्के ॲडव्हान्स, साठ टक्के तुमच्या कारखान्यात पीडीआय (मशीन पाठवण्याआधीची तपासणी) झाल्यावर डिस्पॅचपूर्वी, आणि राहिलेले दहा परफॉर्मन्स बँक गॅरंटीसमोर (मशीन नीट चालेल याची बँकेने दिलेली हमी). गॅरंटीला बँक मार्जिन मागते, खर्च येतो, पण तो खर्च किमतीत धरता येतो. 'आमच्याकडे असं चालत नाही' असं परचेसवाले म्हणतील. निम्म्या वेळा चालतं.

आणि चाकणचं मशीन. या गुरुवारी सुट्टी असेल तर त्याच दिवशीची व्हिजिट मागून घ्या, प्रोग्रॅमरला बरोबर न्या, ती अट आणि तो खोटा अलार्म काढा. सर्व्हिस रिपोर्टमध्ये लपवालपवी न करता लिहा: 'तारखेवर आधारित अट काढली, प्रोग्रॅमचा नवीन बॅकअप दिला.' प्लांट हेडने विचारलं तर सांगा; दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, घ्या. त्याच फेरीत राहिलेले पंच पॉइंट संपवा आणि त्याच रिपोर्टवर त्यांची सही, शिक्का आणि तारीख घ्या. ४५ दिवस मोजायला तुम्हाला जो कागद चार महिने मिळत नव्हता, तो हाच.